आमदार फंड, २५१५ की जिल्हा नियोजन? कुठलं काम कशातून मागायचं (कोल्हापूर जिल्हा)

प्रयागकाठ

करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावासाठी माहिती हवी आहे. ग्रामसभेत तीन कामं ठरली आहेत. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका, मुख्य गल्लीचं काँक्रीट व दोन्ही बाजूंना गटर, आणि आरोग्य उपकेंद्राची दुरुस्ती (स्लॅब गळतोय). सरपंचांचं म्हणणं, तिन्हींचं एक निवेदन आमदारांना देऊ, त्यांना पाच कोटींचा फंड असतो. उपसरपंच म्हणतात, बजेटमध्येच घालायला लावू, अधिवेशनात प्रश्न मांडला की होतंय. दोघांपैकी कुणाचं ऐकावं? जाणकारांनी नीट सांगावं.

आठमाही_अंदाज

दोघांचंही अर्धं अर्धं.

आधी निवेदन एक नको, तीन करा. एका कागदावर तीन कामं आली की स्वीय सहायक तो कागद एका खात्याच्या फायलीला लावतो आणि बाकीची दोन कामं तिथंच झोपतात.

आता पाच कोटी. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाचा निधी २०२२ पासून वर्षाला पाच कोटी आहे. २०२० पर्यंत तो दोन होता, मग तीन, मग चार असा चढत गेला. विधान परिषदेच्या सदस्यांनाही तेवढाच. हे पैसे आमदारांच्या हातात येत नाहीत. आमदार शिफारसपत्र देतात, कागद जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडून फिरतो, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि काम करते ती यंत्रणा: जिल्हा परिषदेचं बांधकाम, सार्वजनिक बांधकाम, महापालिका, नगरपालिका, ज्याची हद्द त्याची. मतदारसंघात शंभर गावं धरली तर गावामागं पाच लाख पडतात. म्हणून गावाचा सगळा भार या फंडावर टाकायचा नसतो.

अभ्यासिका या फंडात चपखल बसते. सार्वजनिक जागेवरची कायमस्वरूपी मालमत्ता, एकदा खर्च करून संपणारी. गल्लीचं काँक्रीट ग्रामविकास विभागाच्या २५१५ मधून मागा. हे अर्थसंकल्पातलं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या खात्याचा क्रमांक आहे. गावांतर्गत मूलभूत सुविधा त्यातून होतात आणि कामांची यादी शासन निर्णयाला जोडूनच येते, गावाचं नाव, कामाचं नाव, रक्कम अशी. आमदारांचं पत्र इथं ग्रामविकास मंत्र्यांच्या नावे लागतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या नाही. पत्र चुकीच्या माणसाच्या नावे गेलं म्हणून वर्ष वाया गेलेली कामं रगड आहेत.

उपकेंद्राला तर आमदारांच्या फंडाची गरजच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रांच्या देखभाल-दुरुस्तीला जिल्हा वार्षिक योजनेत वेगळी तरतूद असते. प्रस्ताव वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी असा वर चढतो. गळती किरकोळ असेल तर आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीच्या पैशातूनही वॉटरप्रूफिंग होतं. आमदारांना एवढंच सांगा की ही योजना ठरवणाऱ्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत हे उपकेंद्र यादीत आहे का ते विचारा.

तालमीचा_गडी

भावा, तिन्ही पेट्या वेगवेगळ्या हायत म्हणा की! शहरात पण हाच इषय. पेठेतल्या तालमीचं जुनं छप्पर काढून आरसीसी करायचंय, माजी नगरसेवक म्हणत्यात आमदार फंडातनं करू. व्हतंय का?

आठमाही_अंदाज

सिटी सर्व्हेला जा आणि प्रॉपर्टी कार्ड काढा. त्यावर कुणाचं नाव आहे यावर सगळं अवलंबून. महापालिकेचं असेल तर काम सोपं आहे, महापालिकेची ना-हरकत घ्या आणि यंत्रणाही तीच राहू द्या. जुन्या वस्तादांच्या किंवा कुण्या कुटुंबाच्या नावावर असेल तर आधी बक्षीसपत्र नोंदवून जागा सार्वजनिक करावी लागेल. खाजगी जागेवर हा फंड पडत नाही. ‘गेली ऐंशी वर्षं तालीमच आहे’ हा मुद्दा मंडळाच्या बैठकीत चालतो, नियोजन कार्यालयात नाही.

आणि तालमीत देवाचं ठाणं असतंच. अंदाजपत्रकात ‘मंदिर’ हा शब्द कुठंही आला तर प्रस्ताव परत येणार.

विधानभवन_गॅलरी

उपसरपंचांच्या ‘बजेटमध्ये घालायला लावू’ वर थोडं सविस्तर, कारण इथं बहुतेकांचा समज उलटा असतो.

मार्चमध्ये अर्थसंकल्प सभागृहात मांडला जातो तेव्हा आकडे ठरलेले असतात. त्यानंतर खातेनिहाय अनुदानाच्या मागण्या, म्हणजे कुठल्या खात्याला किती पैसा द्यायचा ते, चर्चेला येतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ नुसार सभागृह मागणी मंजूर करू शकतं, नाकारू शकतं किंवा कमी करू शकतं. वाढवू शकत नाही. आमदार जी कपात सूचना देतात ती रक्कम खरंच कमी व्हावी म्हणून नसते. शंभर रुपयांची प्रतीकात्मक कपात सुचवून त्या खात्यावर बोलायची संधी मिळवायची असते. म्हणजे ‘आमदारांनी भाषणात आमच्या पुलाला पाच कोटी वाढवून घेतले’ असं होतच नाही.

मग नाव कधी घुसतं? खाती आपले प्रस्ताव वित्त विभागाकडे पावसाळा संपल्यापासून डिसेंबरपर्यंत पाठवत असतात. चालू वर्षाचे सुधारित अंदाजही त्याच काळात जातात. ज्या कामाचं अंदाजपत्रक तोवर तयार नाही त्याला मार्चमध्ये कुणी विचारत नाही. उरतात पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा पैसा. त्या जून-जुलैच्या मुंबईच्या आणि डिसेंबरच्या नागपूरच्या अधिवेशनात येतात, आणि बरीच रस्त्याची कामं प्रत्यक्षात तिथंच शिरतात.

सभागृहातलं खरं हत्यार वेगळं आहे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा. मंत्री उत्तरात ‘तीन महिन्यांत करू’ म्हणाले की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. तुमच्या गटरासाठी कुणी लक्षवेधी लावणार नाही. पण ‘जिल्ह्यात किती उपकेंद्रांच्या इमारती धोकादायक आहेत, किती मंजूर, किती निधी वितरित’ असा प्रश्न लागला तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना उत्तरासाठी यादी करावी लागते. त्या यादीत नाव असलं की पुढच्या वर्षी अर्धं काम झालं.

आठमाही_अंदाज

हे बरोबर, पण मंजुरी आणि पैसा यांत अंतर असतं ते लिहायला हवं. रस्त्याचं काम अर्थसंकल्पात छापून आलं की गावात डिजिटल बोर्ड लागतो. बऱ्याचदा काम असतं कोटींचं आणि त्या वर्षीची तरतूद असते नाममात्र. पुढं वित्त विभाग तीही टप्प्याटप्प्यानं सोडतो. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटींचा आणि महसुली तूट ४५,८९१ कोटींची, अशा वर्षात ठेकेदारांची बिलं थांबतात. बिलं थांबली की नवी निविदा भरायला कुणी पुढं येत नाही, आणि बोर्डावर रस्ता होऊन दोन पावसाळे जातात.

म्हणून बोर्ड बघू नका, तीन गोष्टी विचारा. प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि दिनांक काय, या वर्षीची तरतूद किती, आणि बीम्सवर त्यातली वितरित किती. बीम्स म्हणजे राज्याची निधीवाटपाची संगणक प्रणाली. तिथं आकडा दिसत नसेल तर काम कागदावरच आहे. शासन निर्णय असेल तर तळाशी लांबलचक संकेतांक असतो. तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकून अस्सल प्रत उतरवून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीच्या पहिल्याच पानाचा फोटो असतो आणि तुमचं गाव नेमकं सतराव्या पानावर.

एमबी_पान_४२

आता अंदाजपत्रकाकडं या. ‘दहा लाख मंजूर’ म्हणजे दहा लाखांचं काँक्रीट नव्हे. शासकीय बांधकामावर १८ टक्के जीएसटी आहे (जुलै २०२२ पर्यंत १२ होता). दहा लाखांत कर धरला तर मूळ काम ८ लाख ४७ हजारांचं राहतं. त्यातून १ टक्का कामगार उपकर, गुणवत्ता चाचण्या, गौणखनिजाचं स्वामित्वधन. ग्रामसभेत लांबी ठरवताना हे कुणी धरत नाही, मग गल्ली मारुतीच्या देवळापर्यंत मंजूर असते आणि काँक्रीट शाळेपाशी संपतं.

रुंदी ३ मीटर, जाडी १५ सेंटिमीटर धरा. १०० मीटरला ४५ घनमीटर काँक्रीट. हा आकडा सरपंचांनी पाठ करून ठेवावा, कारण गाडीनं आलेलं काँक्रीट मोजता येतं. ६ घनमीटरच्या गाड्या असतील तर १०० मीटरला साडेसात गाड्या यायला हव्यात. पाचच आल्या तर जाडी दहा सेंटिमीटरवर आली म्हणून समजा. खालची खडी दाबून पातळीत नसेल तर कडेला १५ आणि मध्ये ९ असाही खेळ होतो.

बाकी चुका नेहमीच्याच. पाणी मारायचं चौदा दिवस, मारतात तीन. सांधे वेळेत कापत नाहीत, मग रस्ता स्वतःच मनाला येईल तिथं तडकतो. १५ सेंटिमीटरच्या घनांची चाचणी ७ आणि २८ दिवसांनी असते. एम-३० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) लिहिलंय तर २८ दिवसांचा अहवाल मागा, तो बिलाला जोडलेला असतोच.

गटराचं तर आधी शेवटचं टोक ठरवा. गल्लीतून गटर आणलं आणि पुढं सोडायला जागाच नाही, असं झालं की पाणी कुणाच्या तरी परड्यात जातं आणि भांडण कोर्टात. नदीकाठचं गाव असेल तर ओढ्यात थेट सोडलेलं दाखवू नका. पंचगंगेचं प्रदूषण आधीच पोचायचं तिथं पोचलंय. शोषखड्डे किंवा स्थिरीकरण तळं दाखवा. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्याच्या निकषात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाणी व्यवस्थापनासाठी माणशी २८० रुपये धरलेत. तीन हजार लोकवस्ती असेल तर ८ लाख ४० हजार. वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायच्या) निधीतला स्वच्छतेचा वाटाही याला लागतो. म्हणजे गटर २५१५ मधून काढून घ्या, तेवढी काँक्रीटची लांबी वाढेल.

गगनबावडा_एसटी

एमबी दादा, एक राहिलं. काँक्रीटच्या आधी जलजीवनची पाइप पडली का ते बघायला सांगा त्यांना. नवा रस्ता होतो आणि सहाव्या महिन्यात नळाच्या चरीसाठी ब्रेकर लागतो. त्यावर बुजवलेली माती, त्यावर पहिला पाऊस. चर खोदायची पुनर्भरणाची रक्कम पाणीयोजनेच्या अंदाजपत्रकात असते, पण रस्ता नवा झालाय म्हणून वाढवून कुणी देत नाही.

डोंगराकडच्या गावांसाठी वेगळी सोय आहे तीही लिहिते. डोंगरी विकास कार्यक्रमाचा निधी डोंगरी तालुक्यांना मिळतो. त्यातून साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), वाडीला जोडणारा रस्ता, शाळेची खोली अशी कामं होतात. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडकडच्या वाड्यांनी आमदार फंडाआधी हा विचारावा. साकव म्हणजे पोरांची शाळा आणि दुधाचे कॅन दोन्ही. आमदारांच्या प्राधान्ययादीत तो सभामंडपाच्या खाली का असतो हे मला अजून कळलेलं नाही.

तालमीचा_गडी

कारण साकवाखाली नारळ फोडताना फोटो चांगला येत न्हाई ताई 😄

रंकाळवेस

शहरवाल्यांसाठी दोन ओळी. महापालिका हद्दीत २५१५ नाही, वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीचा वाटाही नाही. इथं जिल्हा नियोजनातून नगरोत्थान (शहरातल्या सुविधांची योजना), दलितवस्ती सुधारणा, आमदार फंड आणि राज्याकडून येणारे खास प्रकल्प. मोठी कामं आमदार फंडाच्या आवाक्यात बसतच नाहीत. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाइपलाइन घ्या, ५३ किलोमीटरची योजना. पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचलं २०२३ च्या दिवाळीत. त्यात आमदारांचं काम मंजुरी, वनखात्याची परवानगी आणि वाढीव खर्च यांच्या बैठका लावण्याचं होतं. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला जळालं, त्याचंही तसंच. वास्तू महापालिकेची, पैसा राज्याचा, आणि दोघांच्या मध्ये अंदाजपत्रक.

सीपीआर या सरकारी रुग्णालयाबद्दल सारखं विचारलं जातं. ते वैद्यकीय शिक्षण विभागाखाली आहे, शासकीय महाविद्यालयाला जोडलेलं. तिथल्या यंत्रसामग्रीचं निवेदन जिल्हा परिषदेत देऊन उपयोग शून्य.

विधानभवन_गॅलरी

जिल्हा नियोजन समितीविषयी कुणी बोललं नाही अजून. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सचिव. समितीत मोठा वाटा जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतून निवडून आलेल्या सदस्यांचा असायला हवा. २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक आल्यावर तो वाटा रिकामा राहिला, आणि यादी म्हणजे पालकमंत्री व आमदार यांच्यातली वाटणी होऊन बसली. गावातून वर जाणारा रस्ताच बंद झाला होता तेव्हा. ज्यांना ‘सदस्य असला काय नसला काय’ वाटतं त्यांनी त्या वर्षांच्या याद्या काढून बघाव्यात.

तारखा साधारण अशा. प्रारूप आराखडा नोव्हेंबर-डिसेंबर, समितीची बैठक जानेवारीच्या आसपास, मग वित्तमंत्र्यांकडे राज्यस्तरीय बैठक, आणि अंतिम आकडा मार्चच्या अर्थसंकल्पात. जानेवारीनंतर उपकेंद्राचा कागद नेला तर पुढच्या वर्षावर.

आठमाही_अंदाज

यंत्रणा निवडतानाही हे लक्षात ठेवा. नियोजनाचा पैसा सार्वजनिक बांधकामसारख्या राज्याच्या खात्याकडं गेला तर ३१ मार्चला न खर्चलेला परत जातो. जिल्हा परिषदेला मात्र मंजुरीचं वर्ष आणि त्यापुढचं एक, असा दोन वर्षांचा अवधी मिळतो. डिसेंबरात मान्यता मिळालेल्या कामाला हा फरक जिवावरचा असतो. उलट बाजूही आहे: दोन वर्षं आहेत म्हणून जिल्हा परिषदेत फाईल निवांत चालते.

आणि कामाचे तुकडे करू नका. निविदा टाळायला एका गल्लीची चार कामं दाखवली तर लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. छोटी कामं तशीही कामवाटप समितीतून जातात, मजूर संस्था, बेरोजगार अभियंते आणि खुले असे ठरलेले वाटे.

प्रयागकाठ

सगळ्यांचे आभार, सरपंचांना धागा पाठवलाय. अभ्यासिकेसाठी जागा आहे ती गावठाणाच्या खालच्या अंगाला, ग्रामपंचायतीच्याच नावावर. कागदपत्रं नेमकी कोणती लागतील?

एमबी_पान_४२

‘खालच्या अंगाला’ म्हणजे किती खाली? २०१९ आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, धोका पातळी ४३ आहे. पाटबंधारे विभागाच्या नकाशावर निळ्या पूररेषेच्या आत गट येत असेल तर बांधकाम होणार नाही. चिखली-आंबेवाडीकडं हा प्रश्न नेहमी येतो. आधी गट नंबर नकाशावर बघून घ्या, मग ठराव करा. उंचावरची जागा लहान असली तरी ती घ्या. वर पहिला मजला पुढं चढवता येतो.

आठमाही_अंदाज

कागद: ग्रामसभेचा ठराव, सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा, जागेचा नकाशा, दुबार काम नसल्याचा दाखला, देखभालीचं हमीपत्र, आणि शाखा अभियंत्याच्या सहीचं अंदाजपत्रक. रस्त्यासाठी नमुना २३ मध्ये नोंद हवी. ती नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून आधी करून घ्या, काँक्रीटचे प्रस्ताव अडतात ते बहुतेक इथंच.

ठरावाची भाषा मोघम नको. ‘गावात अभ्यासिका व्हावी’ असं लिहिलेला ठराव कुणी वाचत नाही. असं लिहा:

*‘मौजे …, ता. करवीर येथील गट क्र. … पैकी … चौ.मी. ग्रामपंचायत मालकीच्या जागेत अभ्यासिका इमारत बांधणे. सदर जागा अतिक्रमणमुक्त व वादमुक्त असून निळ्या पूररेषेच्या बाहेर आहे. सदर काम यापूर्वी अन्य कोणत्याही योजनेतून मंजूर नाही. इमारत पूर्ण झाल्यावर वीज बिल, स्वच्छता व देखभालीचा खर्च ग्रामपंचायत स्वनिधीतून करील.’*

शेवटचं वाक्य नुसतं लिहू नका, ते परवडतं का बघा. आमदार फंड भिंती उभ्या करून देतो. वीज बिल, झाडलोट, कुलूप उघडणारा माणूस यांचा पगार त्यातून होत नाही. जिल्ह्यात कुलूपबंद अभ्यासिका आणि व्यायामशाळा आहेत त्या याच कारणानं. मासिक फी ठेवणार असाल तर तोही ठराव आत्ताच करा.

गगनबावडा_एसटी

टेबल-खुर्च्या, पुस्तकं?

आठमाही_अंदाज

इमारतीच्या अंदाजपत्रकात घुसवू नका, फाईल अडकेल. फर्निचर आणि पुस्तकांचा प्रस्ताव वेगळा करा, इमारतीला कार्यारंभ आदेश मिळाल्यावर.

तालमीचा_गडी

प्रॉपर्टी कार्ड काढलं. तीन नावं हायत, त्यातली दोन माणसं वारलीत.

आठमाही_अंदाज

मग पहिलं काम वारस नोंदीचं. आमदारांच्या दारात त्यानंतर जा.

प्रयागकाठ

शेवटची शंका. निवेदन आमदारांच्या कोल्हापूरच्या कार्यालयात द्यावं की मुंबईला अधिवेशनात गाठून?

विधानभवन_गॅलरी

कोल्हापुरात. मुंबईत हातात दिलेला कागद कोटाच्या खिशात जातो. कार्यालयात आवक नोंदवहीत क्रमांक टाकून घ्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. शिफारसपत्र निघालं की त्याचा जावक क्रमांक घ्या आणि तोच घेऊन नियोजन कार्यालयात चौकशी करा. पंधरा दिवसांत पत्र तिथं पोचलं नसेल तर टपालात नव्हे, सहीत अडकलंय.